ज्वारीचा पाव

"हं. आते राजी शे."

उजवा हात कोपरापर्यंत भट्टीत घालायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, बाहेर काढून धोतराला पुसायचा आणि हे म्हणायचं, ही जिभाऊंची रीत. भट्टी राजी झाली म्हणजे पाव घ्यायला तयार झाली. या रीतीपायी त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस म्हणून उरला नव्हता, आणि डावा हात मात्र चांगला केसाळ. नवा माणूस हे दोन हात शेजारी शेजारी पाहून बुचकळ्यात पडे. मीही पडलो होतो. "जिभाऊ, एखाद्या दिवशी भाजेल की हो," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "जबरदस्ती करी तं भाजी. इचारीसन हात घाला तं नही भाजस."

राजी हा त्यांचा लाडका शब्द. बैल औताला राजी, आभाळ पावसाला राजी, तलाठी दाखला द्यायला राजी. आणि खरंच, त्या माणसापुढं बहुतेक सगळे राजी होत. एक पीठ तेवढं होत नव्हतं. त्याची हकीकत पुढं येईलच.

मी ब्राह्मणपुरीला आलो तो लोकल बोर्डाच्या शाळेवरचा मास्तर म्हणून. घाटावरचा माणूस, एकटा, जिभेचे चोचले भरपूर आणि स्वयंपाकाच्या नावानं शून्य. जिभाऊंनी आपल्या घराची कडेची खोली मला राहायला दिली. जिभाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. खानदेशात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि त्यांना सारा गावच तसं म्हणे. शेतीवाडी बरी होती. कापूस आणि दादर. दादर म्हणजे तिकडची रब्बीची ज्वारी, दाणा टपोरा आणि भाकरी अशी गोड की नुसती खावी. घरात माणसं दोनच, जिभाऊ आणि त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. पुतण्या आणि त्याची बायको पलीकडच्या घरात राहत आणि येऊनजाऊन सगळं पाहत.

मी आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटून गल्लीत वळलो तर असा वास आला की पाय आपोआप मंद झाले. भाजलेलं पीठ, तूप, वेलदोडा आणि आणखी काहीतरी गोड, करपायच्या बेतात आलेलं. मी थेट परसात गेलो. भिडेखातर दाराशी थांबावं एवढंही भान राहिलं नाही. मातीच्या घुमटासारखी भट्टी, बाजूला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग, आणि जिभाऊ एका लांब फळकुटानं आतून तांबूस गोल गोळे बाहेर काढत होते. प्रत्येक गोळ्यात आत पीठ आणि खजूर यांची गुंडाळी दिसत होती.

"बठा, मास्तर," ते म्हणाले. "गरम शे. जीभ भाजी. मंग माले बोल लावू नका."

जीभ भाजली. मी बोल लावला नाही.

पहिल्या लढाईत जिभाऊ पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. तिथं त्यांना बंदुकीऐवजी परात मिळाली. तळावरच्या भटारखान्यात एका म्हाताऱ्या गोवेकराच्या हाताखाली ते शिपायांसाठी पाव करत. खजुराची गुंडाळी शिकले ते मात्र तळाच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या एका बाईकडून. ती भाषा यांना येत नव्हती, यांची तिला येत नव्हती. ती लाटायची, हे पाहायचे. शाळेतली पोरं लढाईच्या गोष्टी विचारायला येत, तेव्हा जिभाऊ सांगत, "बाकीनास्नी मानसे मारात. मी पीठ बडवं." पोरं हिरमुसून जात. मग हातात एकेक गुंडाळी पडली की लढाई विसरत.

या गुंडाळ्यांना जिभाऊ वळकटी म्हणत. अंथरूण गुंडाळावं तसं सारण घालून पीठ गुंडाळायचं, म्हणून वळकटी. गहू जात्यावर दळून घ्यायचे, पीठ लुगड्याच्या जुन्या मऊ तुकड्यातून गाळायचं, त्यात खमीर, दूध, गूळ घालून मळायचं आणि झाकून ठेवायचं. फुगलं की पुन्हा मळायचं. सारण ऋतूप्रमाणे. खजूर मिळाला तर खजूर, नाही तर गूळ-खोबरं-खसखस, तापीकाठची केळी आली की तुपात परतलेलं केळं. आणि थंडीत वांगी आली की भरताचे पाव. वांगी भट्टीतच भाजायची, हिरवी मिरची आणि लसूण कुटून भरीत करायचं, ते पिठाच्या पारीत भरून गोल पाव भाजायचा. तो फोडला की आतून वाफ यायची आणि माझ्यासारख्या कोकणस्थ घरातल्या माणसाची सगळी शिस्त त्या वाफेबरोबर निघून जायची.

गावानं सुरुवातीला नाकं मुरडली होती म्हणे. पाव म्हणजे साहेबाचं अन्न, खाल्ला की बाटला. पण हा पाव आपल्या माणसानं, आपल्या गव्हाचा, आपल्या परसात केलेला. आधी पोरांनी खाल्ला, मग पोरांच्या हातातला त्यांच्या आयांनी, आणि शेवटी ज्यांनी नाकं मुरडली त्यांनी घरी पाठवून द्यायला सांगितलं. जिभाऊ विकत नसत. भट्टी लागली की गल्लीत वाटप व्हायचं, एवढंच.

खमीर ते मोहाच्या फुलांवर धरत. डोंगरातली माणसं अक्कलकुव्याच्या बाजारात फुलं आणत, तिथून ती जिभाऊंच्या बरणीत येत. एकदा अबकारी खात्याचा एक जमादार वास काढत परसात आला. बरणीचं झाकण काढलं, नाक घातलं आणि म्हणाला, ही दारू आहे, चला. जिभाऊ शांतपणे म्हणाले, "दारू कोठे, साहेब? पावनी माय शे ही." जमादारानं आई-बाप काढू नका म्हणून दम भरला. पण तेवढ्यात भट्टी राजी झाली होती. भरताचा पाव खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं की कशानं देव जाणे. जाताना त्यानं बरणीचं झाकण स्वतःच्या हातानं नीट लावलं.

बरण्या मात्र दोन होत्या. दुसरीच्या गळ्याला तांबडी चिंधी बांधलेली असे आणि ती वेगळ्या फळीवर असे. ती कशाला, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

आता जिभाऊंच्या बायकोविषयी सांगतो. मी त्यांना वहिनी म्हणे. बारीक अंगाची, सावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू आणि बोलणं कमी. त्यांच्या हातचे मांडे पाहायला शेजारच्या गावच्या बाया येत. उलट्या खापरावर पसरलेली, रुमालासारखी पातळ, हातभर रुंद पुरणाची पोळी. ती हातावर झेलत मोठी करायची आणि एका झटक्यात खापरावर टाकायची. त्या कामात त्यांचा हात कधी चुकला नाही. आणि तरी पहिली आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातला सगळ्यात मोठा सण, तेव्हा मला मांडे आणि आमरस वाढून वहिनी स्वतः कोपऱ्यात दादरची भाकरी घेऊन बसल्या.

मी जेवताना फार बोलतो. म्हणालो, "वहिनी, एवढे मांडे केले आणि स्वतः भाकरी? आम्हाला विष तर नाही ना घातलं?"

त्या हसल्या. "माले गहू चालत नही, मास्तर. सोडेल शेत."

"कधीपासून?"

त्यांनी नवऱ्याकडं हनुवटीनं खूण केली. "हाई लढाईमा व्हतात तव्हयपासून."

जिभाऊंनी मान खाली घातली आणि मांड्याचा घास तसाच हातात धरून बसले. मग दोघांनी मिळून सांगितलं. थोडं त्यांनी, थोडं यांनी.

तुम्हाला कानबाई माहीत असेल-नसेल. श्रावणात खानदेशात घरोघर ही देवी बसते. तिच्या रोटासाठी गहू मापानं घेत नाहीत, मुठीनं घेतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ घालायची, त्या गव्हाचा रोट करायचा आणि तो घरच्याच माणसांनी खायचा. मूठ घालायची ती जिवंत माणसाची. मेलेल्या माणसाच्या नावानं मूठ पडत नाही.

लढाईत एका वर्षी जिभाऊंचं पत्र येईनासं झालं. पलटणीतून परतलेल्या कुणीतरी सांगितलं की त्यांच्या तळावर पटकी आली आणि पुष्कळ माणसं गेली. कानबाईचा दिवस आला. चुलतसासरे सुपात मुठी घालत होते. एकेक नाव घेत होते. जिभाऊंच्या नावापाशी त्यांचा हात थांबला. तेव्हा आतल्या दाराआडून, सासरच्या वडीलधाऱ्यांपुढं कधी तोंड न उघडलेली ही मुलगी बोलली.

"त्यासनी मूठ घाला. त्याना बदलामा मी मन्हा गहू सोडस. मी जित्ती शे तोवर."

मूठ घातली गेली. आणि पुढच्या थंडीत जिभाऊ घरी आले. वाळलेले, काळे पडलेले, पण आले.

तुम्ही म्हणाल, आला ना नवरा, मग नवस फिटला. मीही तेच म्हणालो. वहिनींना माझी कीव आली असावी. त्या समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या, "त्यासनी मूठ दर सालले पडस ना, मास्तर? मंग?"

दर वर्षी जिभाऊंच्या नावानं मूठ पडत होती, म्हणून दर वर्षी वहिनींचा गहू सुटलेला होता. त्यांच्या मनात हे इतकं साधं होतं. त्या गव्हाचा एक कण तोंडात गेला तर नवऱ्याच्या जिवाचा आधार काढून घेतल्यासारखं होईल, ही त्यांची पक्की समजूत. तिथं माझं शिक्षण काही कामाचं नव्हतं, आणि खरं सांगू, ते कामाला यावं असं मला वाटलंही नाही.

त्या माणसाचं नशीब मात्र पाहा. परदेशात भटारखान्यात राबताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की घरी जाऊन बायकोला हे करून खाऊ घालायचं. "मी ते हिन्हाकरताच शिकनू, मास्तर," जिभाऊ म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आधी भट्टी बांधली, मग नातेवाइकांना भेटले. पहिली वळकटी ताटात घालून बायकोपुढं ठेवली. तिनं ती कपाळाला लावली आणि परत ताटात ठेवली. आख्ख्या जगातून हा माणूस एकच विद्या शिकून आला होता, आणि ती होती गव्हाची.

त्या दिवसापासून जिभाऊंनी एक ध्यास घेतला. ज्वारीच्या पिठाची वळकटी करायची. तशीच मऊ, तशीच फुगलेली, आत खजूर. एकदा तिनं आपल्या हातचा पाव खावा, एवढंच.

भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल हे होणार नाही म्हणून. गव्हाचं पीठ ओढलं की लांबतं. ज्वारीचं ओढलं की तुटतं. ते गुंडाळता येत नाही, आणि फुगायला लागलं की त्याला भेगा पडून सगळी हवा निघून जाते. जिभाऊंनी ते उकडून पाहिलं, ताकात भिजवून पाहिलं, त्यात उडदाचं पीठ घातलं, अळशी वाटून घातली, भेंडीचा चीकसुद्धा घातला. दादरवर धरलेलं वेगळं खमीर ठेवलं, म्हणजे गव्हाचा स्पर्श नको. ती तांबड्या चिंधीची बरणी हीच. भट्टीतून जे निघे त्याला गल्लीत सगळे जिभाऊंची वीट म्हणत. शेजारची एक गुजर आजी, जिच्या घरी ज्वारीचा आंबवलेला हांडवा नेहमी होई, ती कुंपणावरून हसत म्हणे, अरे भावा, हा तर हांडवाच झाला, सरळ हांडवाच कर की! जिभाऊंना त्याचा राग येई. हांडवा तर ती कुठंही खाईल. त्यांना वळकटी हवी होती.

आणि वहिनी काय करत? खात. प्रत्येक वीट खात. दुधात बुडवून, वरणात बुडवून, कधी खलबत्त्यात कुटूनसुद्धा.

"आजनी कशी व्हयनी?" जिभाऊ समोर बसून विचारत.

"ब्येस शे."

"खोटं नको बोलू."

"खोटं कसाले बोलू? दात दुखी ऱ्हायनात, पन चव ब्येस शे."

मग दोघंही हसत. मी त्यांच्या घरी पाहिलेलं सगळ्यात मोठं सुख ते. त्या हसण्यात मला कधी कधी एकटं वाटे आणि मी उगीच वह्या तपासायला उठून जाई.

असं पुष्कळ वर्षं चाललं. दुसरी लढाई सुरू झाली. धान्य महागलं, खजूर दिसेनासा झाला. वळकट्या कमी झाल्या, पण ज्वारीची खटपट थांबली नाही. आणि त्याच सुमाराला वहिनी आजारी पडल्या.

पोटाचं दुखणं. आधी जेवण कमी झालं, मग भाकरी पचेना, मग पेज तेवढी उरली. जिभाऊ शहाद्याहून वैद्य घेऊन आले. वैद्यानं बरीच औषधं दिली आणि रोज इसबगोल पाण्यात घालून घ्यायला सांगितलं. जाताना अंगणात माझ्याशी बोलला तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली. जिभाऊंनी ती पाहिली. कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

एका सकाळी वहिनींनी इसबगोल घेतलाच नाही. पेला तसाच उशाशी राहिला. दुपारी जिभाऊंनी तो उचलला तर आतलं पाणी घट्ट झालं होतं. त्यांनी बोट घातलं, वर उचललं. चिकट धार लांबत गेली. ते तो पेला हातात घेऊन कितीतरी वेळ दारात उभे होते. मग परसात गेले.

दोन-तीनदा पीठ बिघडलं. मग एका संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. हातात ताटली, तिच्यावर फडकं. फडकं काढलं. वळकटी होती. गोल, फुगलेली, गुंडाळीच्या कडा सुटलेल्या, कुठून तरी मिळवलेला खजूर आत. मी दाबून पाहिली. बोट आत गेलं आणि ती परत वर आली.

"दादरनी शे," जिभाऊ म्हणाले. "एक दाना गहू नही, मास्तर. इसबगोलनी पीठले धरी ठेवं."

आम्ही दोघं वहिनींकडं गेलो.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुतण्याची बायको पाय चेपत होती. जिभाऊंनी ताटली पुढं धरली. वहिनींनी वळकटी हातात घेतली, अंगठ्यानं दाबली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"इतली नरम?"

"दादरनी शे," जिभाऊ म्हणाले. "खाय ना."

"नही." त्यांनी ती परत ताटलीत ठेवली. "गहू शेत यामा."

"नहीत. तुन्ही शप्पथ."

वहिनींनी चटकन हात उचलून त्यांच्या तोंडावर ठेवला. तेवढी ताकद त्यांच्यात कुठून आली कोण जाणे. "शप्पथ लेऊ नका. माले समजस. मी आते जाई ऱ्हायनू, म्हनीसन तुम्ही माले फसाडी ऱ्हायनात. मायापोटीच फसाडी ऱ्हायनात. पन मन्हं काय, मी ते चालनू. तुमले काही व्हयनं तं?"

जिभाऊ माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही सांगा हिले."

मी सांगितलं. पोटतिडकीनं सांगितलं. इसबगोलाचं, पेल्याचं, सगळं. वहिनी ऐकून घेत होत्या, पोरांची सबब ऐकून घ्यावी तशा. मग म्हणाल्या, "मास्तर तुमना दोस्तदार शेत. ते तुमनीच बाजू लेतीन."

किती वर्षं तिनं त्यांच्या दगडासारख्या विटा विश्वासानं खाल्ल्या होत्या. एकदाही विचारलं नव्हतं की यात काय आहे. आणि आता, जे व्हावं म्हणून त्यांनी जन्म घालवला ते झालं, तर त्याच्या मऊपणामुळंच तिचा विश्वास बसेना. जिभाऊंच्या चेहऱ्याकडं मला पाहवलं नाही. त्यांना राग आला नव्हता. ते नुसते थकले होते.

थोड्या वेळानं वहिनींनी पुन्हा हात पुढं केला. "वास लेवाले काय व्हस? वास लेसू." त्यांनी ती वळकटी गालाला लावली, डोळे मिटले, आणि तशाच पडून राहिल्या. थंड होईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, शाळा नव्हती. सकाळी उठलो तर जिभाऊ वहिनींच्या खाटेजवळ सगळा पसारा मांडत होते. जातं आत आणलं होतं. ते धुऊन, पुसून, वाळवून झालं होतं. दादरची कणसं सुपात होती. कणसंच, दाणेसुद्धा नव्हेत. त्यांनी ती वहिनींसमोर चोळली, पाखडली, आणि पुतण्याची बायको दळायला बसली.

वहिनींचे डोळे उघडे होते. आवाज अगदी बारीक. "जातं धुयं का?"

"धुयं, काकी."

"पहिलं पीठ फेकी दे. कोपऱ्यामा जुनं ऱ्हास."

पहिलं पीठ टाकून दिलं. जिभाऊंनी तांबड्या चिंधीची बरणी दाखवली. इसबगोल त्यांच्यासमोर पाण्यात घातला. तो घट्ट होईपर्यंत सगळे थांबलो. मग त्यांनी परात पुढं ओढली आणि मळायला घेतलं. मी दारात उभा होतो. जिभाऊंना मळताना मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी पीठ उचलून ते वहिनींना दाखवत आणि मग पुन्हा दाबत. तुटणारं पीठ हळूहळू तुटेनासं झालं. त्यांनी त्याचा गोळा केला, थोडासा हातात घेऊन ओढला. तो लांबला.

वहिनी तो गोळा पाहत राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर ते जुनं हसू आलं.

"पटनं," त्या म्हणाल्या. "माले पटनं."

जिभाऊंनी परातीवर ओलं फडकं टाकलं. पिठाचे हात तसेच ठेवून ते खाटेच्या कडेला बसले.

"कव्हय व्हई?" वहिनींनी विचारलं.

"फुगाले टाइम लागी. दुपार व्हई जाई."

"मी थांबस," त्या म्हणाल्या.

दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. काही त्रास झाला नाही. जिभाऊंचा पिठाचा हात त्यांच्या हातात होता आणि पीठ वाळून दोघांच्याही बोटांना चिकटलं होतं.

नदीवरून परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. घर सारवून झालं होतं. पुतण्याची बायको रडत रडत आवराआवर करत होती. कोपऱ्यातली परात उचलायला ती वाकली, तसे जिभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ओल्या धोतरानंच ते परातीपाशी जाऊन बसले आणि त्यांनी फडकं बाजूला केलं. ज्वारीचं पीठ फुगून परातीच्या काठाला टेकलं होतं. कुठं भेग नव्हती. एवढी वर्षं जे त्यांनी मागितलं ते समोर होतं, आणि सुतकाच्या घरात भट्टी पेटत नाही. त्यांनी ते पाहिलं, फडकं पुन्हा नीट पसरलं आणि भिंतीला टेकून बसले.

मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मास्तर, तिले पटनं व्हतं ना? तुम्ही ऐकं ना?"

"ऐकलं, जिभाऊ."

त्यानंतर त्यांनी भट्टी लावली नाही. भट्टीची मागची बाजू माझ्या खोलीच्या भिंतीला लागून होती आणि तिची ऊब मला इतकी वर्षं मिळत होती, हे त्या थंडीत समजलं, कारण भिंत पहिल्यांदाच गार लागली. गल्लीतली पोरं काही दिवस वास घेत परसात डोकावत, मग डोकावायची बंद झाली. पुतण्याच्या घरून दोन वेळचं ताट येई आणि जिभाऊ ते निमूट खात. शेताला जात, बाजाराला जात. कुणी काही विचारलं तर उत्तर देत. मला मात्र भेटतील तिथं तेच विचारत. बांधावर भेटले, पारावर भेटले, तरी आधी इकडं-तिकडं पाहत आणि मग हळूच म्हणत, "पटनं म्हने ना ती? तुम्ही ऐकं ना?" मी कधीही कंटाळलो नाही. दर वेळी म्हणालो, ऐकलं. दर वेळी त्यांना तेवढ्यापुरता धीर येई. तो फार वेळ टिकत नसे.

माझी बदली झाली. गाडीत सामान चढवून झालं तेव्हा ते चाकाशी उभे होते. तेव्हाही तेच विचारलं.

पुढच्याच वर्षी पुतण्याचं कार्ड आलं, जिभाऊ गेल्याचं. त्या श्रावणात कानबाईच्या सुपात त्यांची मूठ पडली नसणार. ज्या मुठीसाठी त्या बाईनं जन्मभर गव्हाचा घास घेतला नाही, ती मूठ.

आता मला ते विचारणारं कुणी उरलं नाही, आणि त्या घरात त्या सकाळी काय झालं हे तुम्हाला सांगणाराही एक मीच. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. ती नवऱ्यावर संशय ठेवून गेली नाही. तिला पटलं होतं. मी दारात उभा होतो. मी ऐकलं.